भामाक्काचा वारा

सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सत्तरीची एक बाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढते, हातातलं सूप डोक्याच्या वर धरते आणि त्यातलं मूठभर बाजरीचं भुसकट हळूहळू खाली सोडते. ते कुठं जातं हे डोळे बारीक करून बघते. मग स्टुलावरून उतरते, कठड्यावरून बोट फिरवते, ते बोट हुंगते आणि जिन्यानं खाली येताना मजल्यामजल्यावर ओरडते, "आज मागल्या खिडक्या लावून घ्या गंऽ!" किंवा, "उघडा समदं! आज हवा झकास हाय!" आणि बारा बिऱ्हाडांच्या खिडक्या त्याबरहुकूम उघडतात नाहीतर मिटतात.

ही भामाक्का.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नगरच्या जुन्या भागातली भाड्याची जागा सोडून सावेडीत राहायला आलो. कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, "तिकडं हवा चांगली आहे." पहिल्याच सकाळी त्या चांगल्या हवेत चहा घ्यावा म्हणून कप घेऊन गच्चीवर गेलो आणि चहात बाजरीचं भुसकट पडलं. मी वर पाहिलं. स्टुलावरच्या बाईंनीही खाली पाहिलं.

"बाजरीचंच हाय," त्या म्हणाल्या, "पिऊन टाका. आन् जरा बाजूला सरका, तुमच्या अंगावरनं वारा फुटतोय."

मी बाजूला सरकलो. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. पंचवीस वर्षं मुलांना वारे शिकवतोय. पण माझ्या अंगावरून वारा फुटतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

भामाक्का नेवाशाकडच्या एका गावची. यंत्र येण्याआधी खळ्यावर धान्य उफणायचं काम हातानं व्हायचं, आणि त्या कामात तिचं नाव होतं. उफणणी म्हणजे तिवईवर उभं राहून वाऱ्यात धान्य ओतायचं. दाणा पायाशी पडतो आणि भुसा उडून पुढं जातो. वारा पडला की सगळे बसून राहतात. भामाक्का बसायची नाही. ती सांगायची, "आजून घटकाभरानं येतोय. बैलांना पानी दावून घ्या तवर." आणि वारा यायचा म्हणे. आजूबाजूच्या वस्त्यांवरून तिला बोलावणं यायचं, ते हातासाठी कमी आणि नाकासाठी जास्त.

पुढं मळणी यंत्रं आली, यजमान वारले, गुडघे दुखायला लागले. मुलगा पुण्याला कंपनीत. दवाखाना जवळ असावा म्हणून त्यानं सावेडीत हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि आईला आणून ठेवलं. तिनं येताना तीन गोष्टी आणल्या: जातं, सूप आणि भुसकटाचं एक पोतं. जातं बाल्कनीत बसलं. पोतं दर वर्षी गावाहून नवं येतं. ते टेम्पोतून उतरतं तेव्हा सगळी सोसायटी शिंकते.

आमचे सेक्रेटरी बोरुडे सुरुवातीला तिच्या विरोधात होते. त्यांनी जिन्यात नोटीस लावली होती, 'गच्चीवर स्टुलावर उभे राहण्यास सक्त मनाई आहे.' भामाक्का चौथी शिकलेली. तिनं ती नोटीस बोट ठेवून पूर्ण वाचली आणि म्हणाली, "बरुबर हाय. ल्हान लेकरं पडत्यात." दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुलावर.

बोरुड्यांचं मतपरिवर्तन गेटनं केलं. मार्चमधली गोष्ट. सोसायटीच्या गेटला हिरवा ऑइलपेंट द्यायचा ठरला. भामाक्का सकाळी भुसकट सोडून खाली आली आणि पेंटरला म्हणाली, "आज नको लावू. दुपारच्याला वावटळ हाय." बोरुडे म्हणाले, "आक्का, आभाळ निरभ्र आहे." ती म्हणाली, "म्हनूनच." पेंटरनं बारापर्यंत सुंदर गेट रंगवलं. अडीचला शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरून अशी वावटळ उठली, की कचऱ्याच्या पिशव्या तिसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या. गेट आजही हिरवं आहे, पण हात लावला की पॉलिशपेपरला लावल्यासारखं वाटतं. घाईत असलेला माणूस त्यावर आपली कोपरं सोलून घेतो. तेव्हापासून बोरुडे टाकी धुवायची असली तरी आधी दुसऱ्या मजल्यावर जाऊन येतात.

मी शास्त्राचा माणूस. मी असा सहजासहजी वळणार नव्हतो. माझ्या मोबाईलमध्ये हवेचा दर्जा दाखवणारं ॲप आहे. डिसेंबरात एके सकाळी भामाक्का ओरडली, "धा वाजेपतुर खिडकी उघडू नका," तेव्हा मी मोबाईल घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. ॲपवर हिरवा रंग होता आणि खाली 'समाधानकारक' असं लिहिलेलं होतं.

तिनं तो हिरवा रंग बराच वेळ न्याहाळला. मग विचारलं, "ह्यो हुंगतो कुठनं?"

"म्हणजे?"

"म्हंजे ह्याचं नाक कुठं हाय?"

मी बोटानं वर-खाली करून शोधलं. त्या आकड्याचं यंत्र घाटाच्या पलीकडच्या कुठल्यातरी शहरात बसवलेलं होतं. मी ते जरा पुटपुटतच सांगितलं.

"असं," भामाक्का म्हणाली. "तिकडली हवा हुंगून हितली खिडकी उघडायची. ऱ्हाऊ द्या, लई चांगलाय मोबाईल."

त्या दिवसापासून मी तिचा विद्यार्थी झालो, आणि हे मी अजून कॉलेजात कोणाला सांगितलेलं नाही. गच्चीच्या कठड्याला टेकून तिनं मला माझंच गाव शिकवलं. "आपलं नगर बसलंय सीना नदीच्या खोलगटात, कडंकडंनं डोंगराच्या सोंडा. थंडीत रातची हवा गार व्हती, गार झाली की जड व्हती, आन् येऊन खोलगटात बसती. वर ऊन तापल्याबिगर उठत न्हाई. तुमच्या पोरावानीच." (आमचा चिरंजीव दहाला उठतो.) "मंग शेकोट्यांचा, भट्ट्यांचा, रस्त्यावरचा समदा धूर तिच्या अंगाखाली दबून ऱ्हातो. आता सांगा, सकाळी साताला खिडकी उघडून काय आत घेता तुमी?"

याला मी वर्गात तापमानाची विपरीतता म्हणतो. फळ्यावर आकृती काढतो, बाण दाखवतो, तरी अर्धा वर्ग चुकीचं लिहितो. यंदा मी आकृती काढली नाही, चिरंजीवांचं उदाहरण दिलं. सगळ्यांना समजलं.

तिचं लाडकं वाक्य एकच, "वाऱ्याला सवय आसती, मास्तर." आणि त्या सवयी तिला तोंडपाठ. मार्गशीर्ष-पौषात वारा वरल्या अंगाचा, म्हणजे उत्तरेकडचा. तो उसाच्या पट्ट्यातलं जळक्या पाचटाचं काळं घेऊन येतो आणि वाटेत नागापूरला कारखान्यांवरून येताना आणखी काही उचलतो. चैत्र-वैशाखात जमीन उघडी पडलेली, तेव्हा वारा येईल तिकडून धूळ. आषाढ-श्रावणात वारा मावळतीचा. "पाऊस तिकडं अकोले तालुक्यातल्या घाटात सांडून येतो, आपल्या वाट्याला निस्ता वारा. पर धुतलेला!" ते दोन महिने नगरची हवा प्यावी अशी. मग भाद्रपदात मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत पांढरं फुलतं आणि माणसं उगीचच डोळे चोळायला लागतात.

हे सगळं ती लिहूनही ठेवते. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याखाली तीन डब्या. धुळीचा दिवस असला तर त्या तारखेवर हळदीचं बोट. धुराचा असला तर काजळाचं. हवा चांगली असली तर कुंकवाचं. जुनी कॅलेंडरंही तिनं टाकलेली नाहीत, गादीखाली ठेवली आहेत. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी थक्क झालो. पानंच्या पानं पिवळी आणि काळी, आणि मध्येच श्रावणाच्या आसपास लालच लाल. एवढी सलग नोंद आमच्या कॉलेजच्या हवामानयंत्राचीही नाही. ते यंत्र गेली कित्येक वर्षं 'दुरुस्तीला' आहे.

धुराशी मात्र तिचं वैर होतं, आणि ते जरा अतीच होतं. गल्लीत कोणी पालापाचोळा पेटवला, की ती बादली घेऊन खाली उतरायची. गुडघ्यांची तक्रार तेवढ्यापुरती थांबायची. कोण पेटवतंय हे बघायची नाही, आधी पाणी ओतायची आणि मग बोलायची. बोरुड्यांकडे सत्यनारायण होता, तिथं हिनं भटजींच्या पुढ्यातलं धुपाटणं उचलून थेट बाहेर नेऊन ठेवलं. स्वतःच्या घरात देवापुढं उदबत्तीही नाही. फूल वाहायचं, हात जोडायचे, झालं. "देवाला नाक नसतं का आक्का?" असं माझ्या बायकोनं, नीलिमानं, एकदा गमतीनं विचारलं. भामाक्का हसली नाही. "देवाला काय व्हतंय," एवढंच म्हणाली.

या सगळ्याच्या मागं काय आहे हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं, निदान आम्ही तसं समजत होतो. मागं होती सई. भामाक्काची नात, मुलाची मुलगी, आता सात वर्षांची. तिला दमा आहे. तीन वर्षांपूर्वी, आम्ही इथं येण्याआधी, दिवाळीला ती नगरला आली असताना तिला असा जोरात अटॅक आला, की रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर ती नगरला आलेली नाही. भामाक्का वर्षातून दोनदा पुण्याला जाऊन तिला बघून येते आणि चौथ्या दिवशी परत फिरते. "नगरची हवा पोरीला सोसत न्हाई," असं ती सांगते. आणि सोसायटीतल्या बायका एकमेकींकडे बघतात, कारण त्यांच्या मते हवा हे निमित्त आहे. सून पाठवत नाही.

म्हणून ते कॅलेंडर. भामाक्का सुट्टीत एक फट शोधत होती. सईला सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि मे महिन्याची. आणि कॅलेंडरवर दिवाळी काळी, मे पिवळा. लाल तेवढा श्रावण, तेव्हा शाळा. हे तिच्या लक्षात आलं त्या दिवशी ती तडक आमच्याकडे आली.

"मास्तर, ह्या सुट्ट्या कोन ठरवतं?"

"सरकार. शिक्षण खातं."

"त्यानं वारा बघितलेला न्हाई. अर्ज लिवा."

आणि तिनं मला अर्ज सांगितला. 'नगर जिल्ह्याची हवा ध्यानात घेता दिवाळीची सुट्टी श्रावणात द्यावी, ही विनंती.' मी म्हटलं, "आक्का, दिवाळी दिवाळीतच असते." ती म्हणाली, "दिवाळी आसू द्या की. सुट्टी हलवायची." मी अर्ज लिहिला, तिनं खाली सही केली, प्रत्येक अक्षर वेगळं काढून. तो अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. महिन्यातून एकदा ती विचारते, "आलं का उत्तर?" मी म्हणतो, "विचाराधीन आहे."

एक गोष्ट मला खटकायची. मागच्या श्रावणात सलग लाल बोटं पडत होती, तेव्हा मी सुचवलं, "आक्का, पुणं तीन तासांवर आहे. शनिवार-रविवार बोलवा की सईला." तर तिला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. नंतर पुन्हा विषय काढला तर म्हणाली, "दोन दिसांसाठी कशाला लेकराला हेलपाटा?" मी नीलिमाला हे सांगितलं. नीलिमा म्हणाली, "सूनच नाही म्हणत असेल. ही बिचारी तिला सांभाळून घेतेय." माझी बायको कोणाला एकदा बिचारी म्हणाली, की पुढं काहीतरी घडतं.

घडलं या मे महिन्यात. तिसऱ्या आठवड्यात वळीव असा कोसळला, की आमच्या गल्लीतली सगळी धूळ ओघळून कोपऱ्यावर जमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भुसकट सरळ उगवतीला गेलं. म्हणजे वारा मावळतीचा. कॅलेंडरवर मे महिन्यात कुंकू. मग लागोपाठ तीन दिवस पुन्हा कुंकू. जिन्यात जो भेटेल तो मला विचारत होता, "कधी येतेय सई?" बोरुड्यांनी तर गेटवरून लहान मुलांच्या कोपरांना लागू नये म्हणून खालच्या बाजूला कापड गुंडाळलं. आणि भामाक्का? ती रोज सकाळी वरून येत होती, "उघडा समदं" असं ओरडत होती, पण तिचा आवाज पडलेला होता. फोनचं नाव नाही.

चौथ्या दिवशी नीलिमानं सईच्या आईचा, अश्विनीचा नंबर शोधून काढला आणि फोन लावला. तिनं स्पीकर चालू केला, कारण सुनावलेलं मलाही ऐकू यावं अशी तिची इच्छा होती.

"अश्विनी, मी नगरहून नीलिमाकाकू बोलतेय, आईंच्या खालच्या मजल्यावरची. स्पष्ट बोलते, रागावू नकोस. इथं हवा उत्तम आहे. एका म्हाताऱ्या बाईनं नातीसाठी किती वाट बघायची?"

 अश्विनी म्हणाली, "काकू, आमच्या बॅगा आठवडाभर भरून ठेवल्यात. दर सुट्टीत भरतो. डॉक्टरांनीही परवानगी दिलीय, औषध सोबत असलं की झालं. आई नको म्हणतात."

"कोण?"

"आमच्या आई. तुमच्या भामाक्का. प्रत्येक वेळी विचारलं की म्हणतात, हवा वाईट आहे, आणू नको. काल मी विचारलं तेव्हाही म्हणाल्या, धूळ आहे फार."

नीलिमानं फोन ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. आम्ही दोघंही जिना चढून वर गेलो.

भामाक्का खिडकीजवळ बसून तांदूळ निवडत होती. नीलिमा तिच्यासमोर खाली बसली आणि सरळ म्हणाली, "आक्का, अश्विनीशी बोलले मी. काल धूळ होती का?"

भामाक्काचं बोट तांदळात थांबलं. ती खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "न्हाई. काल कुंकू हाय."

"मग?"

 ती बोलायला लागली, आमच्याकडे न बघता, ताटलीत बघत.

"त्या दिवाळीत पोरीला खोकला झाल्ता. साधाच. ल्योक-सून बाजाराला गेल्ती. म्या म्हनलं, आपन ओव्याची धुरी देऊ. माझी तिन्ही लेकरं धुरीवर वाढली. गावातल्या किती पोरांना म्या दिली, बायका माझ्याकडं घेऊन यायच्या. शेगडी पेटवली, निखाऱ्यावर ओवा टाकला, पोरीला मांडीवर घेतली. गार वारं लागू नये म्हनून खिडक्या लावून घेतल्या. समद्या."

नीलिमानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोरीची छाती वाजाय लागली. व्हट निळं पडलं. म्या शेगडी बाल्कनीतल्या कुंडीत उलटी केली, खिडक्या उघडल्या, तवर ही दोघं आली. दवाखान्यात डॉक्टर म्हनले, काय झालं? माझा ल्योक म्हनला, 'फटाक्यांचा धूर, नगरची हवाच खराब.' म्या बी मान हालवली. म्हनलं, व्हय, हवाच वंगाळ."

 मी मास्तरकीच्या सवयीनं म्हणालो, "आक्का, दिवाळीत असतोच हो धूर. हवाही असेल वाईट त्या दिवशी."

तेव्हा तिनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"त्या दिवशी सकाळी भुसकट उगवतीला गेल्तं, मास्तर. आदल्या राती पाऊस झाल्ता. कठड्यावर बोट फिरवलं तर बोटाला काय लागलं न्हाई. हवा चांगली हुती." तिनं ताटली खाली ठेवली. "मंग म्या रोज लिवून ठेवाय लागले. म्हनलं, चांगल्या हवेत बी पोरं आजारी पडत्यात असं एखाद्या दिवाळीत तरी घावंल, म्हंजे दोष माझ्या धुरीचा न्हाई. न्हाईतर नगरची हवा मुळातच वंगाळ हाय असं तरी निघंल. बोटं उठवून उठवून तीन वर्सं झाली. आता पोरगी येते म्हनली की म्याच नको म्हनते. हवेचं काय न्हाई. ह्यो हात माझा. ह्याचा मला भरवसा न्हाई."

तिनं उजवा हात पुढं धरला होता. खूप वर्षं धान्य उफणलेला, रुंद, खरबरीत हात. मला तिची भयंकर कीव आली आणि आमची सगळ्यांची लाजही वाटली. रोज तिच्या हुकमानं खिडक्या उघडणाऱ्या आम्हा बारा बिऱ्हाडांना हे कसं कळलं नाही, आणि त्या न पाहिलेल्या सुनेला आम्ही जिन्यात उभं राहून काय काय म्हटलं होतं.

नीलिमा म्हणाली, "आक्का, हे अश्विनीला सांगा."

"तू सांग."

"मी नाही सांगणार. मी नंबर लावून देते."

तिनं नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन भामाक्काच्या हातात दिला. भामाक्कानं तो कानाला न लावता समोर, निवडलेल्या तांदळावर धरला, त्यामुळं सगळं आम्हाला ऐकू आलं. तिनं 'हॅलो' म्हटलं नाही, 'कशी आहेस' म्हटलं नाही.

"अश्विनी, त्या दिवाळीत सईला धुरी म्या दिल्ती."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत अश्विनी थांबली.

"माहितेय मला, आई."

भामाक्कानं फोन दोन्ही हातांत धरला.

"सईच्या केसांना ओव्याचा वास येत होता. कुंडीतले निखारेही मी पाहिले होते, निघताना. दवाखान्यात तुम्ही बाकावर बसला होतात तेव्हा मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. नसतं सांगितलं तर औषध चुकलं असतं."

"मंग मला का न्हाई बोललीस?"

"राग आला होता, खोटं कशाला बोलू? पहिलं वर्षभर होता. वाटलं, आई स्वतः सांगतील. मग तुम्हीच नको, नको म्हणायला लागलात, तेव्हा मला वाटलं, आमचं येणंच तुम्हाला नको झालंय." पलीकडे गॅसचं बटण वाजलं. "आई, माझ्या आईनंही मला धुरीच दिली असती. सई विचारते, आजीकडे हवा कधी चांगली होणार. मी काय सांगू तिला?"

 भामाक्कानं फोन नीलिमाकडे सरकवला, परत ओढून घेतला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, शाळा कवा उघडत्यात?"

मी मनात हिशेब केला. "अजून चोवीस दिवस आहेत."

"चोवीस दिस हायेत," ती फोनात म्हणाली. "पोरीचा दम्याचा पंप घेऊन ये. त्यो कसा द्यायचा ते मला शिकीव, माझ्या हातानं दोनदा करून घे. आन् मधी जायचं न्हाई. चोवीसच्या चोवीस दिस ऱ्हायचं." मग तिनं पदर तोंडाला लावला, आणि पलीकडून अश्विनी 'आई, आई' म्हणत असताना ती मोठ्यानं रडली.